कंपनी बुडते, वीज नाही

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला वीज जाणं ठाऊक असतं, वीज कंपनी जाणं ठाऊक नसतं. वीज मंडळाची थकबाकी किती कोटींवर पोचली हे पेपरात वाचत आमची पिढी मोठी झाली. पण म्हणून मंडळाच्या ऑफिसला कुलूप लागलं आणि पुढच्या महिन्यापासून आपलं बिल भलत्याच नावानं यायला लागलं, असं कुणी पाहिलेलं नाही. ब्रिटनमध्ये मात्र २०२१ च्या जुलैपासून वर्षभराच्या आत २९ कंपन्या अशा गेल्या. जवळपास ४० लाख घरं त्यांच्याकडून वीज आणि गॅस घेत होती. त्यातलं एक घर आमचं.

आमच्या कंपनीचं नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, ती आता नाही.

साताऱ्याला आईला फोनवर सांगितलं तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "अगं, बिल भरायचं राहिलं होतं का तुझं?" पैसे आमच्याकडून नव्हे, कंपनीकडूनच चुकवायचे राहिले होते, हे तिला पटवायला बराच वेळ लागला. इथल्या आमच्या मंडळाच्या (हे गणपती बसवणारं मंडळ) व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर त्या सप्टेंबरात दुसरा विषयच नव्हता. जो तो दुसऱ्याला सल्ला देत होता आणि निम्मे सल्ले उलटे होते. त्या काळात जे स्वतः निस्तरलं, मंडळींचं निस्तरताना पाहिलं, ते इथे लिहिते आहे. दर सप्टेंबरला आपली शेकडो मुलं शिकायला इकडे येतात, भाड्याच्या घरात राहतात, आणि आपल्याला वीज कोण विकतं हेही त्यांना माहीत नसतं. त्यांच्या आईवडिलांनीही वाचावं.

१. दिवे जात नाहीत

कोल्हापूरहून शिकायला आलेल्या एका मुलीनं मला रात्री फोन करून विचारलं होतं, "ताई, आज हीटर बंद पडेल का?" नाही पडणार. हे आधी डोक्यात पक्कं करायचं.

इथे ज्यांना आपण वीज कंपनी म्हणतो त्यातल्या कित्येकांकडे ना वीजकेंद्र असतं ना एक खांब. तारा सांभाळणारी कंपनी वेगळी, गॅसचे पाइप सांभाळणारी वेगळी. त्या त्या प्रदेशाला त्या नेमून दिलेल्या असतात आणि ग्राहकाला त्या निवडता येत नाहीत. पुरवठादार कंपनी घाऊक बाजारातून वीज आणि गॅस घेते, किरकोळीत विकते आणि बिल पाठवते. विहीर एकच, सगळ्यांनी त्यात आपापलं पाणी ओतायचं आणि आपापल्या गिऱ्हाइकाला त्यातूनच काढून द्यायचं, हिशेब तेवढा वेगळा. हिशेब ठेवणारा पळाला म्हणून विहीर आटत नाही.

कंपनी बुडाली की ऑफजेम ही नियामक संस्था काही दिवसांत दुसरी कंपनी नेमते आणि सगळे ग्राहक एकगठ्ठा तिकडे जातात. या नेमलेल्या कंपनीला 'सप्लायर ऑफ लास्ट रिसॉर्ट' म्हणतात. १४ सप्टेंबर २०२१ ला पीपल्स एनर्जी आणि युटिलिटी पॉइंट या दोन कंपन्या एकाच दिवशी कोसळल्या. पहिलीचे साडेतीन लाखांच्या आसपास ग्राहक ब्रिटिश गॅसकडे गेले, दुसरीचे सव्वादोन लाखांच्या आसपास ईडीएफकडे. आठवड्याभरानं अॅव्ह्रो गेली, तिचे ५ लाख ८० हजार ग्राहक ऑक्टोपसनं घेतले. नोव्हेंबरात 'बल्ब' ही कंपनी कोलमडली तेव्हा ही पद्धतही अपुरी पडली. सतरा लाख ग्राहकांचा बोजा एका रात्रीत उचलणारं कुणी नव्हतं. मग न्यायालयाच्या मार्फत प्रशासक नेमून सरकारी पैशावर ती कंपनी चालवली गेली आणि डिसेंबर २०२२ मध्ये ऑक्टोपसच्या हवाली झाली. एवढ्या सगळ्या उलथापालथीत कंपनी बुडाली म्हणून कुणाच्या घरी अंधार झाला नाही. दिवे गेलेच तर कारण दुसरं असतं, आणि त्यासाठी १०५ हा नंबर आहे. तो तारावाल्या कंपनीकडे जातो.

हे २०२१ च्या आधीही झालं होतं. एन्रॉनचं नाव आपल्याकडे दाभोळमुळे घराघरात गेलं. पण त्याच एन्रॉनची 'एन्रॉन डायरेक्ट' नावाची शाखा ब्रिटनमध्ये छोट्या व्यावसायिकांना वीज-गॅस विकत होती हे फारसं कुणाला माहीत नाही. डिसेंबर २००१ मध्ये मूळ कंपनी अमेरिकेत दिवाळखोरीत गेली आणि ही शाखा सेंट्रिका या ब्रिटिश कंपनीनं विकत घेतली. गुहागरच्या किनाऱ्यावर दाभोळचं वीजकेंद्र बंद पडून होतं त्याच काळात इथल्या गिऱ्हाइकांच्या बिलावरचं फक्त नाव बदललं.

२. पहिले काही दिवस हात आवरा

आपल्याला सवय अशी की बँक डबघाईला आली म्हटलं की सकाळी सहापासून रांग लावायची. इथे ते करू नये. ऑफजेमचा सल्ला त्या वेळी एकच होता: कंपनी बदलू नका, डायरेक्ट डेबिट (बँकेतून आपोआप जाणारा हप्ता) रद्द करू नका, नवी कंपनी नेमली जाऊन तिचं पत्र येईपर्यंत थांबा.

ग्रुपवर नेमकं उलट चाललं होतं. "आधी बँकेत जाऊन डेबिट बंद करा, पैसे खातील!" असा निरोप फिरत होता. डेबिट बंद केलं म्हणून आभाळ कोसळत नाही, पण जुनं खातं नव्या कंपनीकडे जाताना तुमच्या हप्त्यांचा माग तुटतो आणि मग तो जोडायला फोनवर संगीत ऐकत बसावं लागतं. नवं खातं उघडलं, नवा हप्ता ठरला, की जुनं डेबिट बंद करायचं.

घाईनं दुसरी कंपनी निवडणाऱ्यांची अडचण निराळी होती. जमा रकमेसकट खातं नेमलेल्या कंपनीकडे जाणार, माणूस तिसरीकडेच गेलेला. त्याचे पैसे बुडत नाहीत, पण तीन कंपन्यांच्या मध्ये तो लोंबकळतो. आधीच अर्ज केला असेल तर मात्र तो मागे घ्यायची गरज नाही, तो आपल्या क्रमानं पुरा होतो.

आणि या दिवसांत ज्यांचा फोन येतो त्यातले सगळे खरे नसतात. "तुमचं खातं वाचवायला कार्डाचा नंबर सांगा" म्हणणारा हमखास लबाड. नेमलेल्या कंपनीचं नाव ऑफजेम स्वतः जाहीर करते, ते तिथे पाहावं.

३. मीटरचा फोटो काढा

सगळ्या लेखातलं एकच लक्षात ठेवायचं म्हटलं तर हे ठेवा.

जुन्या कंपनीचा हिशेब एका आकड्यावर संपतो आणि नव्या कंपनीचा त्याच आकड्यावरून सुरू होतो. तो आकडा कोण ठरवणार? तुम्ही दिला नाहीत तर अंदाजानं ठरतो. आपल्याकडे 'सरासरी बिल' आलं की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. हे त्याचंच इंग्रजी भावंड. फरक एवढा की इथे अंदाज चुकला तर दोन वेगवेगळ्या कंपन्यांत चुकतो आणि त्यातली एक अस्तित्वातच नसते. वर दोघींचे दर वेगळे. जुन्या स्वस्त दरानं वापरलेली युनिटं नव्या महाग दरानं मोजली गेली की नुकसान तुमचं.

आमच्या बाबतीत नेमकं हेच झालं. नव्या कंपनीनं गॅसचं सुरुवातीचं रीडिंग प्रत्यक्षापेक्षा बरंच खालचं धरलं होतं, म्हणजे आधीच मोजून झालेला गॅस पुन्हा, वाढीव दरानं आमच्या माथी. फोनवरची बाई सभ्य होती पण ठाम होती: "सिस्टिममध्ये हेच आहे." मग फोटो पाठवला. मीटरचा आकडा, त्याच्या अंगावरचा अनुक्रमांक, दोन्ही एका चौकटीत, आणि फोनमध्ये तारीख. बिल दुरुस्त झालं. फोटो नसता तर माझा शब्द विरुद्ध सिस्टिमचा, आणि सिस्टिम कधी खोटं बोलत नाही असं इथे मानलं जातं.

फोटो कसा काढायचा तेही सांगते. बातमी आली त्या दिवशी काढा, नव्या कंपनीकडे खातं गेलं त्या दिवशी पुन्हा काढा. वीज आणि गॅस, दोन्ही मीटरचे. रात्रीच्या स्वस्त विजेची जुनी 'इकॉनॉमी ७' जोडणी असेल तर मीटरवर दोन आकडे असतात, दोन्ही घ्या. कुठला दिवसाचा आणि कुठला रात्रीचा याची बिलाशी पडताळणी करा, कारण ते उलटे चढलेले मी पाहिले आहेत.

गॅसच्या मीटरवर आणखी एक बारकावा आहे. नवे मीटर घनमीटरमध्ये मोजतात, जुने शंभर घनफुटांमध्ये. जुन्या मीटरचं एक एकक म्हणजे २.८३ घनमीटर. ग्राहकांची यादी एका संगणकातून दुसऱ्यात जाताना हे एकक चुकीचं नोंदलं गेलं तर बिल एकदम जवळजवळ तिप्पट होतं किंवा एक तृतीयांशावर येतं. तिप्पट झालं तर माणूस लगेच ओरडतो. एक तृतीयांश झालं तर खूश होऊन गप्प बसतो आणि पुढे कधीतरी मोठा आकडा अंगावर येतो. मीटरवर कुठलं एकक छापलंय ते वाचायला चष्मा लावून दोन मिनिटं लागतात.

"आमच्याकडे स्मार्ट मीटर आहे, आम्हाला कशाला?" असं म्हणणारे पुष्कळ भेटले. पहिल्या पिढीचे स्मार्ट मीटर कंपनी बदलली की नव्या कंपनीशी बोलेनासे होत असत. मीटर मोजत राहतो, पण आकडे आपोआप पाठवणं बंद. म्हणजे स्मार्ट मीटरवाल्यांनी तर आवर्जून फोटो काढावा, कारण त्यांना आकडा पाहण्याची सवयच राहिलेली नसते. काही जणांना तर मीटर घरात कुठे आहे हेच शोधावं लागलं. जिन्याखालच्या कपाटात बघा, बहुतेक तिथेच असतो.

४. जुनी बिलं आजच उतरवून घ्या

इथे बहुतेकांचं बिल कागदावर येत नाही, कंपनीच्या संकेतस्थळावर असतं. कंपनी गेली की ते संकेतस्थळही आज ना उद्या बंद होतं. शेवटचं बिल, वर्षभराचा वापर किती युनिट, दर काय होता, खात्यावर जमा किंवा बाकी किती, आणि विजेचा व गॅसचा जोडणी क्रमांक. एवढं उतरवून ठेवलं की पुढचं भांडण निम्मं संपलं. जोडणी क्रमांक घराचा असतो, कंपनीचा नव्हे. कंपन्या आल्या-गेल्या तरी तो बदलत नाही. आपल्याकडच्या ग्राहक क्रमांकासारखा तो कुठेतरी लिहून ठेवा.

भाडेकरूंनी घरमालकाला एकदा विचारून घ्यावं की मीटर कुणाच्या नावावर आहे. मालकाच्या नावावर असेल तर ही सगळी धावपळ त्याची. तुमच्या नावावर असेल तर तो फोनही उचलणार नाही.

५. जमा रक्कम बुडत नाही, पण वाट पाहायला लावते

बहुतेक घरं वर्षभर दर महिन्याला सारखाच हप्ता भरतात. उन्हाळ्यात गॅस कमी जळतो म्हणून खात्यावर पैसे साठतात, ते थंडीत वापरले जातात. सप्टेंबर म्हणजे साठा सगळ्यात जास्त असण्याचा महिना. कंपन्या बुडाल्या त्याही नेमक्या तेव्हाच. ग्रुपवर "माझे दोनशे पौंड गेले", "माझे चारशे गेले" अशी रडारड होती ती यामुळे.

घरगुती ग्राहकाची ही जमा रक्कम सुरक्षित असते. नेमलेली कंपनी ती तुमच्या नव्या खात्यावर दाखवते. मात्र जुन्या कंपनीचं शेवटचं बिल तयार होईपर्यंत नक्की रक्कम ठरत नाही, आणि ते बिल बुडालेल्या कंपनीच्या उरल्यासुरल्या माणसांनी, तिचा गाशा गुंडाळायला नेमलेल्या प्रशासकाच्या देखरेखीखाली करायचं असतं. त्यांना तुमची घाई नसते. काही घरांना कित्येक महिने लागले. दरम्यान नवी कंपनी शून्यावरून सुरुवात करून हप्ता मागते. रक्कम आली की हिशेब जुळतो, तोवर खिशातून जास्त जातं हे खरं.

यावर माझं मत असं की फार मोठी शिल्लक कंपनीकडे ठेवूच नये. वसंत ऋतूत, थंडी संपल्यावरही खात्यावर महिन्या-दोन महिन्यांच्या बिलाहून जास्त पडून असेल तर परत मागावी किंवा हप्ता कमी करून घ्यावा. ग्राहकांच्या याच पैशावर, बिनव्याजी भांडवल म्हणून, कित्येक कंपन्या धंदा करत होत्या. महाराष्ट्रात आपण महावितरणकडे सुरक्षा ठेव ठेवतो तिच्यावर कायद्यानं व्याज तरी मिळतं.

६. बाकी असेल तर तीही बुडत नाही

"कंपनीच गेली, आता कोण मागायला येतंय" असं म्हणणाऱ्यांना काही महिन्यांनी पत्र आलं. थकबाकी ही बुडालेल्या कंपनीची मालमत्ता असते. ती एकतर नवी कंपनी घेते किंवा प्रशासक वसूल करतो.

इथे एक गोम आहे. ऑफजेमचे ग्राहकाच्या बाजूचे नियम परवाना असलेल्या कंपनीला बांधतात. उदाहरणार्थ, कंपनीच्या चुकीनं बिल द्यायचं राहिलं तर बारा महिन्यांपेक्षा जुन्या वापराचे पैसे ती मागू शकत नाही, हा २०१८ पासूनचा नियम. पण प्रशासक हा परवानाधारक पुरवठादार नसतो. हप्ते बांधून देणं, परिस्थिती पाहून थांबणं, हे सारं त्याला त्याच रीतीनं बंधनकारक नसतं. म्हणून अशा पत्राकडे काणाडोळाही करू नये आणि घाबरून लगेच भरूही नये. हिशेब मागावा, रीडिंग दाखवावं, न जमल्यास सिटिझन्स अॅडव्हाइस या सल्ला देणाऱ्या संस्थेकडे जावं. त्यांची मदत फुकट असते आणि तिथे बसलेल्या लोकांनी असली पत्रं ढिगानं पाहिलेली असतात.

७. जुना दर विसरा

दोन वर्षांसाठी बांधलेला स्वस्त दर कंपनीबरोबरच मरतो. नेमलेली कंपनी तो पाळायला बांधील नसते. आमच्या शेजारच्या काकांनी करारपत्र घेऊन कुणाकुणाला फोन केले, पण ज्याच्याशी करार केला तोच नाही म्हटल्यावर कागद कुणाला दाखवणार?

नव्या कंपनीचा दर ऑफजेमनं ठरवलेल्या दराच्या कमाल मर्यादेखाली असतो आणि तिथून केव्हाही, दंड न भरता, बाहेर पडता येतं. एरवीच्या काळात सल्ला असा की स्थिरस्थावर झाल्यावर बाजारात फिरा आणि स्वस्त दर शोधा. २०२१ च्या हिवाळ्यात हा सल्ला उलटा ठरला. घाऊक गॅस इतका महागला होता की कमाल मर्यादेचा दर हाच सगळ्यात स्वस्त होता. बांधीव दर घेऊ पाहणाऱ्याला त्याहून कितीतरी जास्त सांगत होते. म्हणून थांबणारे जिंकले, निदान काही महिने. सर्वसाधारण वापराच्या घराची वर्षाची मर्यादा ऑक्टोबर २०२१ मध्ये १,२७७ पौंड होती, एप्रिल २०२२ मध्ये १,९७१ झाली. ऑक्टोबर २०२२ साठी तर ३,५४९ जाहीर झाली आणि सरकारला मध्ये पडून सर्वसाधारण घरासाठी ती २,५०० च्या आसपास रोखावी लागली.

ही मर्यादा युनिटच्या दरावर आणि रोजच्या स्थिर आकारावर आहे, एकूण बिलावर नाही. "आता सरकारनं २,५०० च्या वर बिल जाऊ देणार नाही म्हटलंय" असं समजून घर उबदार ठेवणारे लोक मी पाहिले. जास्त जाळलं तर जास्त बिल येणारच.

८. प्रीपेड मीटरवाले

पुष्कळ भाड्याच्या घरांत किल्ली किंवा कार्ड दुकानात नेऊन पैसे भरायचा मीटर असतो. कंपनी बुडाल्यावरही त्याच किल्लीनं भरत राहायचं. नवी किल्ली पोस्टानं येते. ती येऊन चालू होईपर्यंत जुनी फेकायची नाही. पावत्या ठेवा. थंडीच्या दिवसांत थोडे जास्त पैसे भरून ठेवलेले बरे.

९. म्हातारी माणसं आणि लहान मुलं

वृद्ध, आजारी, अपंग, पाच वर्षांखालची मुलं असलेली घरं यांची वेगळी नोंद कंपनीकडे असते. वीज जाणार असेल तर त्यांना आधी कळवतात, मदत देतात. कंपनी बदलताना ही नोंद बरोबर जाईलच असं नाही. नव्या कंपनीला आपण होऊन पुन्हा सांगायचं. कमी उत्पन्नाच्या घरांना थंडीत मिळणाऱ्या 'वॉर्म होम डिस्काउंट'चंही तेच. त्या वर्षी ते १४० पौंड होतं, आणि जुन्या कंपनीनं कबूल केलेलं नवी देणार का, हे विचारून लेखी घेणं भाग होतं. आमच्या गल्लीतल्या एका एकट्या राहणाऱ्या आजींसाठी मी फोन केला. त्यांना फोनवरचं बटणांचं प्रकरण जमत नव्हतं, आणि मागण्याची लाजही वाटत होती.

१०. तक्रार लेखी, आणि आठ आठवडे मोजा

नव्या कंपनीकडे तक्रार ई-मेलनं करा, तारीख राहते. आठ आठवड्यांत सुटली नाही, किंवा कंपनीनंच 'आता आमच्याकडून काही होणार नाही' असं लिहून दिलं, तर एनर्जी ओम्बुड्समन या तंटे सोडवणाऱ्या संस्थेकडे जाता येतं. पैसे लागत नाहीत. त्यांचा निर्णय तुम्ही स्वीकारलात तर कंपनीला पाळावा लागतो. जुन्या कंपनीविरुद्धच्या तक्रारीचं मात्र फारसं काही होत नाही. तिच्यामागे शक्ती घालवू नये.

११. दुकान असेल तर नियम बदलतात

खाणावळ चालवणारे आमच्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. घरची आणि दुकानाची वीज त्यांनी एकाच कंपनीकडून घेतली होती. घरच्या खात्यावरची जमा रक्कम आली. दुकानाच्या खात्याला तशी हमी नव्हती, आणि दराची कमाल मर्यादा तर व्यवसायाला लागूच होत नाही. नेमलेल्या कंपनीनं सांगितलेला दर ऐकून त्यांनी पहाटे चालू होणारा मोठा फ्रीज बदलायचं ठरवलं. व्यावसायिकानं थांबण्यात अर्थ नसतो. नवी कंपनी नेमली गेली की त्याच आठवड्यात करार शोधायला लागावं.

१२. इतकं स्वस्त कसं परवडतं, हे विचारायला हवं होतं नियामकानं

ग्राहकानं स्वस्त कंपनी निवडली यात त्याचा दोष नाही. सरकार, ऑफजेम, वर्तमानपत्रं, सगळे वर्षानुवर्षं 'कंपनी बदला, पैसे वाचवा' म्हणत होते. सत्तरएक कंपन्या बाजारात उतरल्या. परवाना मिळवणं सोपं होतं, भांडवल फारसं दाखवावं लागत नव्हतं. ग्राहकाला दर बांधून द्यायचा आणि आपण मात्र घाऊक बाजारात पुढची खरेदी न करता रोजच्या भावावर विसंबायचं, असा अनेकांचा धंदा. भाव पडत होते तोवर नफा. चढले तशी एकेक कोसळली. अपारंपरिक विजेसाठी ग्राहकांकडून गोळा केलेली रक्कम दर वर्षी शरदात सरकारदरबारी भरायची असते. कित्येकांनी तीही आधीच खर्चून टाकली होती.

सगळे काही लोभी तरुण उद्योजक नव्हते. नॉटिंगहॅमच्या नगरपालिकेनं गरिबांना स्वस्त वीज मिळावी म्हणून 'रॉबिन हूड एनर्जी' काढली होती. २०२० मध्ये ती बंद झाली आणि तिचे ग्राहक ब्रिटिश गॅसकडे गेले. हेतू चांगला असला म्हणून घाऊक बाजार सवलत देत नाही. आणि धोक्याची घंटा २०२१ मध्ये पहिल्यांदा वाजली असंही नाही. २०१६ मध्ये जीबी एनर्जी गेली, २०१८ मध्ये लागोपाठ आणखी काही गेल्या. नियम खरे कडक झाले ते सगळं होऊन गेल्यावर.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे दूरचं वाटेल, पण फार दूरचं नाही. मुंबईत टाटा की अदानी हा पर्याय काही भागांत आजच आहे. एकाच भागात अनेक वितरण कंपन्यांना वाट करून देणारं वीज दुरुस्ती विधेयक ऑगस्ट २०२२ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं आणि स्थायी समितीकडे गेलं. अशा समांतर परवान्याच्या विरोधात ४ जानेवारी २०२३ ला महावितरणच्या कर्मचाऱ्यांनी संप केला, तोही आठवत असेल. स्पर्धा यावी की न यावी यावर माझा हट्ट नाही. पण आली तर कंपनी बुडाल्यावर ग्राहकाचं खातं कुठे जाणार, त्याच्या ठेवीचं काय होणार आणि त्याचा खर्च कुणाच्या बिलात चढणार, हे परवाना देण्याआधी लिहून घ्या.

इथे ते नंतर कळलं. कुणाचे पैसे बुडाले नाहीत असं आम्ही म्हणत होतो तेव्हा ते पैसे सगळ्यांच्या बिलात विभागले जात होते. एप्रिल २०२२ मध्ये विजेचा रोजचा स्थिर आकार सरासरी २५ पेन्सवरून ४५ पेन्सवर गेला, त्यात या कंपन्यांच्या निस्तरण्याचा मोठा वाटा होता. सरकारी खर्च तपासणाऱ्या नॅशनल ऑडिट ऑफिसनं जून २०२२ च्या अहवालात बल्ब सोडून बाकीच्या कंपन्यांचा खर्च २७० कोटी पौंड धरला. घरटी ९४ पौंड. ज्यांची कंपनी कधीच बुडाली नाही, त्यांनीही ते भरले.